सीमेवर अडवलेले गाजर गवत

इसवी सन १९५५ हे वर्ष गाजर गवताच्या इतिहासात दोन ठिकाणी नोंदले गेले आहे. त्या वर्षी पुण्यात उकिरड्यांच्या कडेला वाढलेली एक अनोळखी वनस्पती भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आर. एस. राव यांच्या पाहण्यात आली आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ती भारतासाठी नवी म्हणून प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आग्नेय भागात, टूगूलावा या लहान गावाजवळ, हीच वनस्पती त्या खंडावर प्रथम ओळखली गेली. दोन्हीकडे सुरुवात जवळजवळ सारखी होती, परंतु पुढची वाटचाल फार वेगळी झाली. भारतात काही दशकांतच या तणाने बहुतेक सर्व राज्ये व्यापली. ऑस्ट्रेलियात मात्र क्वीन्सलँडला खेटून असलेल्या आणि त्याच्याशी हजार किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या न्यू साउथ वेल्स राज्यात ते पुन्हा पुन्हा शिरले, तरी त्याला तेथे कायमची वस्ती करू दिली गेली नाही. हा फरक हवामानाने किंवा मातीने घडवलेला नाही. न्यू साउथ वेल्सचा मोठा भाग या तणाला मानवणारा आहे. हा फरक घडवला आहे तो मुख्यतः नियमांनी, आणि ते नियम वर्षानुवर्षे कंटाळा न करता राबवणाऱ्या माणसांनी.

नियमांचे स्वरूप समजण्यासाठी आधी वनस्पतीचा स्वभाव पाहावा लागतो. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे तिचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा काही भाग हे तिचे मूळ स्थान, आणि सूर्यफूल, झेंडू, शेवंती ज्या कुळातली त्याच कुळातली ती आहे. उगवल्यावर तिची कातरलेली पाने जमिनीलगत गोलाकार पसरतात व आसपासच्या गवताला सावलीत दाबून टाकतात. मग मधून खोड वर चढते आणि अनुकूल जमिनीत दीड-दोन मीटरपर्यंत पोचते. अवघ्या चार-सहा आठवड्यांत ती फुलावर येते. लांबून जे एक पांढरे फूल दिसते ते खरे तर अनेक फुलांचा गुच्छ असतो, काही मिलिमीटर रुंदीचा आणि पाच कोपऱ्यांचा, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यावर एक याप्रमाणे गुच्छामागे साधारणतः पाच बिया धरतात. एका चांगल्या वाढलेल्या झाडावर असे गुच्छ हजारोंनी असल्यामुळे बियांची संख्या सहज पंधरा ते पंचवीस हजारांवर जाते. बी काळे, चपटे, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे असते आणि त्याला दोन्ही बाजूंनी वांझ फुलांचे वाळके अवशेष चिकटलेले असतात, ज्यांच्यात हवा राहते व ज्यांमुळे ते पाण्यावर तरंगते.

असे बी वाऱ्याने फार दूर जात नाही. ओढ्या-नाल्यांच्या पाण्याबरोबर ते बरेच अंतर कापते, पण डोंगरांच्या रांगा आणि खोऱ्यांच्या सीमा ओलांडून शेकडो किलोमीटरचा प्रवास त्याला घडतो तो माणसाच्या वाहतुकीतून: टायरला चिकटलेल्या चिखलातून, पेंढ्याच्या गठ्ठ्यांतून, बियाण्याच्या पोत्यांतून, गुरांच्या अंगावरून आणि शेतीच्या यंत्रांच्या पोटातून. शिवाय जमिनीत गाडले गेलेले बी कित्येक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे वर दिसणारे झाड उपटल्याने काम संपत नाही. संगरोध, म्हणजे रोग, कीड किंवा तण एखाद्या प्रदेशात शिरू नये म्हणून त्याच्या वाहकांवर घातलेले कायदेशीर निर्बंध, या दोन गोष्टींवरच उभा राहतो. बी कशातून प्रवास करते हे कळले पाहिजे आणि ते किती काळ वाट पाहत राहते हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याला रोखण्याची गरज का पडावी, याचे उत्तर महाराष्ट्रातील वाचकाला फारसे सांगावे लागत नाही. या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे रसायन असते. त्याच्या संपर्काने त्वचेला तीव्र दाह होतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की नुसत्या हवेतून येणाऱ्या कणांनीही चेहरा, मान व हात यांवर चट्टे उठतात. १९६० व १९७० च्या दशकांत पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांची जी वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली ती या तणाच्या जागतिक वाङ्मयात आजही आधारभूत मानली जातात. गुरे ते सहसा खात नाहीत, आणि टंचाईत खाल्लेच तर दुधाला व मांसाला वाईट चव येते. परागकणांमुळे सर्दी आणि दम्याचा त्रास वाढतो, आणि पिकांत व कुरणांत ते शिरले की उत्पादन घटते ते वेगळेच.

भारतात हे तण आले कसे, याविषयी एक कथा इतकी रूढ झाली आहे की तिची छाननी क्वचितच होते. अमेरिकेच्या सार्वजनिक कायदा ४८० खाली, म्हणजे पी. एल. ४८० या नावाने प्रसिद्ध असलेल्या योजनेखाली, आलेल्या गव्हातून ते आले असे सर्रास सांगितले जाते. या तणाचे काँग्रेस गवत हे दुसरे नावही पुष्कळ लोक त्या काळाशीच जोडतात. परंतु हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये संमत झाला आणि भारताशी त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, तर पुण्यातील झाडे १९५५ मध्येच पाहण्यात आली होती. त्याआधी १९५१ च्या अन्नटंचाईत अमेरिकेने कर्जाऊ दिलेले धान्य भारतात आले होते, त्यामुळे धान्याचा मार्ग अशक्य ठरत नाही. मात्र एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिसंग्रहांतही या वनस्पतीचे भारतातील नमुने आढळल्याचे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे प्रवेश एकदाच आणि एकाच पोत्यातून झाला असे मानणे धाडसाचे आहे. पुढच्या लाटांत परदेशी गव्हाने बियांची भर घातली असणे संभवनीय आहे, पण सारा दोष त्या गव्हावर टाकल्याने एक अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो: पुण्याच्या उकिरड्यावरून हे बी उरलेल्या देशभर नेले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर देशातल्या देशात शोधावे लागते. रेल्वेमार्ग आणि रस्ते यांच्या कडेने, बांधकामासाठी नेलेल्या वाळू-मुरुमातून, शेणखताच्या आणि सोनखताच्या गाड्यांतून, कालव्यांच्या पाण्यातून आणि भाजीपाल्याच्या पाट्यांत खाली अंथरलेल्या हिरव्या पाल्यातून ते पसरत गेले. १९६० च्या दशकात ते कर्नाटकात फोफावले, आणि नंतर उत्तरेकडे. या प्रवासात त्याला कोठेही, कोणत्याही नाक्यावर, कोणी थांबवले नाही, कारण थांबवण्याची तरतूदच कार्यान्वित नव्हती. ब्रिटिश सरकारने १९१४ मध्ये विनाशक कीटक व कीड कायदा केला तेव्हा डोळ्यांसमोर होत्या त्या परदेशी रोपांबरोबर येणाऱ्या किडी आणि बुरश्या. तणांचा विचार त्यात मध्यवर्ती नव्हता. तणांसाठी स्थानिक स्वरूपाचे कायदे झाले, जसे घाणेरीच्या जाळ्यांनी त्रासलेल्या कूर्गमध्ये १९१४ चा उपद्रवी तण विनियम, मद्रास इलाख्याचा १९१९ चा कीड-रोग-तण कायदा आणि बंगालचा १९३६ चा जलपर्णी कायदा. या सर्वांचा भर जमीनमालकाने आपल्या जमिनीवरचे तण काढावे, या आज्ञेवर होता. ही आज्ञा आवश्यकच होती; तथापि जेथे तण अजून पोचलेलेच नाही अशा प्रदेशाचे रक्षण तिने होत नाही, कारण तेथे काढण्यासारखे काही नसते आणि अडवण्यासारखे मात्र पुष्कळ असते.

क्वीन्सलँडमध्ये टूगूलावाजवळचे पहिले आगमन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आणलेल्या विमानांच्या व यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर झाले असावे, असे मानले जाते. त्यातून फारसा प्रसार झाला नाही. खरा घात झाला तो मध्य क्वीन्सलँडमधील क्लेरमाँटच्या परिसरात, जेथे १९६० च्या आसपास टेक्सासहून मागवलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यात गाजर गवताचे बी मिसळून आले. कुरण सुधारावे म्हणून पेरलेले बियाणेच कुरण बुडवणारे ठरले. बरीच वर्षे हे तण त्या परिसरात दबून राहिले आणि १९७० च्या दशकाच्या मध्याला, चांगल्या पावसाच्या वर्षांत, अतिचराईने उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवर ते झपाट्याने पसरले. १९७५ मध्ये राज्याने ते उपद्रवी तण म्हणून घोषित केले, परंतु तोपर्यंत समूळ उच्चाटनाची वेळ निघून गेली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका अभ्यासात क्वीन्सलँडमधील बाधित प्रदेश सुमारे १,७०,००० चौरस किलोमीटर आणि केवळ गोमांस-व्यवसायाचे वार्षिक नुकसान सुमारे १.६५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर इतके मांडले गेले. राज्याने मग जैविक नियंत्रणाची वाट धरली, म्हणजे मूळ देशातील नैसर्गिक शत्रू आणून सोडण्याची. काही दशकांत नऊ कीटक आणि दोन प्रकारचे तांबेरा रोग तेथे सोडले गेले. त्यांपैकी १९८० मध्ये सोडलेला झायगोग्रामा हा पाने खाणारा मेक्सिकन भुंगा महाराष्ट्रातही परिचित आहे, कारण त्याच जातीचे भुंगे १९८३ मध्ये बंगळूरूला आणून पुढच्या वर्षी तेथे सोडण्यात आले आणि नंतर ते इतर राज्यांतही नेले गेले.

न्यू साउथ वेल्सपुढचा प्रश्न वेगळा होता. त्याच्या उत्तरेला हे तण मुबलक होते, मध्ये कोणताही समुद्र नव्हता, आणि सीमेवरून माणसे, गुरे, धान्य व यंत्रे दिवसरात्र जा-ये करीत होती. अशा स्थितीत एका राज्याने दुसऱ्या राज्यातून येणारी वस्तू अडवणे कायदेशीर आहे का, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात फार जुना आहे. १९०१ मध्ये सहा वसाहतींचे संघराज्य झाले तेव्हा राज्याराज्यांमधील व्यापार व दळणवळण पूर्णपणे मुक्त राहील, असे वचन संविधानाच्या ९२ व्या कलमात देण्यात आले. पण गोचीड ही वचने पाळत नाही. १८७२ मध्ये डार्विनला आलेल्या गुरांबरोबर शिरलेली गुरांची गोचीड क्वीन्सलँडभर पसरून विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य कोपऱ्याशी येऊन ठेपली, आणि त्या राज्याने क्वीन्सलँडच्या बाधित भागातील गुरांना बंदी केली. हा वाद १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला. न्यायाधीशांची मते समसमान विभागली गेली आणि सरन्यायाधीशांच्या मतामुळे बंदी टिकली. उलट १९३५ मध्ये, टास्मानियाचे बटाटे रोगाच्या कारणावरून सरसकट बंद करणारा व्हिक्टोरिया राज्याचा हुकूम त्याच न्यायपीठाने रद्द ठरवला. पुढे १९८८ मध्ये, टास्मानियातील क्रेफिशच्या आकारासंबंधीच्या एका खटल्यात, न्यायपीठाने ९२ व्या कलमाचा नवा आणि एकमताचा अर्थ लावला: जे निर्बंध परराज्याच्या मालाशी भेदभाव करून स्वतःच्या व्यापाऱ्यांना संरक्षण देतात ते निषिद्ध, इतर नाहीत.

या निकालांच्या मालिकेतून संगरोधाची एक कसोटी तयार झाली, आणि ती उत्तम कसोटी आहे. नियम खऱ्या धोक्याला नेमका लागू पडला पाहिजे. संगरोधाचे नाव पुढे करून बाजारपेठ राखणे चालणार नाही. भारताच्या संविधानकर्त्यांनी ३०१ व्या अनुच्छेदात व्यापार-स्वातंत्र्याची तरतूद करताना ऑस्ट्रेलियाचे हेच कलम नजरेसमोर ठेवले होते, आणि ३०४ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची वाटही मोकळी ठेवली होती. आंतरराज्य संगरोध हा विषय केंद्र सूचीत ८१ व्या क्रमांकावर आहे, माणसे, प्राणी व वनस्पती यांना बाधणारे रोग व किडी एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ न देणे हा समवर्ती सूचीत २९ व्या क्रमांकावर, आणि शेती व कीडसंरक्षण राज्य सूचीत १४ व्या क्रमांकावर. एवढेच नव्हे तर १९१४ च्या कायद्यातही राज्याराज्यांमधील वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार पुढील दुरुस्तीने जोडला गेला होता, आणि त्याखाली सफरचंदावरील सॅन होजे खवले कीड, दार्जिलिंग भागातील बटाट्याचा चामखीळ रोग, निलगिरीतील बटाट्यावरची सूत्रकृमी, केळीचा पर्णगुच्छ रोग अशा मोजक्या कीड-रोगांसाठी देशांतर्गत संगरोध लावण्यातही आला. त्या यादीत तण एकही नाही. कर्नाटकाने १९७५ मध्ये आपल्या १९६८ च्या कृषी कीड व रोग कायद्याखाली गाजर गवत उपद्रवी म्हणून घोषित केले, तेव्हा ते राज्यात चोहीकडे पसरलेले होते. परदेशातून येणाऱ्या तणबियांची स्वतंत्र यादी तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात आली, म्हणजे पुण्यातील नोंदीनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. कायद्याचे हत्यार भारताच्या हाती होते. ते या शत्रूवर उगारले गेले नाही, ही या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये गाजर गवत प्रथम आढळले ते १९८२ मध्ये. ते कोठे आढळते याकडे अधिकाऱ्यांनी बारकाईने पाहिले, आणि या बारकाईतच पुढच्या यशाचे मूळ आहे. झाडे विखुरलेली नव्हती. ती मुख्यतः महामार्गांच्या कडेला आणि धान्याच्या शेतांत सापडत होती. मध्य क्वीन्सलँडमध्ये गहू आधी पिकतो आणि जसजसे दक्षिणेकडे जावे तसतशी सुगी लांबते, त्यामुळे कंत्राटी कापणी करणारे व्यावसायिक आपली महाकाय हार्वेस्टर यंत्रे ट्रेलरवर चढवून वसंतात उत्तरेकडून निघतात आणि पिकामागून पीक कापत गुंडिविंडीजवळ सीमा ओलांडून न्यूएल महामार्गाने दक्षिणेकडे सरकतात. क्वीन्सलँडच्या बाधित शेतात कापणी करताना गाजर गवताचे बी धान्याबरोबर यंत्रात शिरत होते, काही प्रवासात रस्त्याच्या कडेला झडत होते आणि उरलेले पुढच्या शेतात पहिल्या काही फेऱ्यांत सांडत होते. ही साखळी उलगडल्यावर लांबच लांब सीमेवर पहारा बसवण्याची गरज उरली नाही. नियम लिहायचा तो वनस्पतीविषयी जेवढा, तेवढाच यंत्राविषयी, हे स्पष्ट झाले.

त्याप्रमाणे क्वीन्सलँडहून येणाऱ्या ठराविक यंत्रांना अटी घालण्यात आल्या. हार्वेस्टर, त्यांच्या पुढची कापणीची फळी आणि ती वाहणारे ट्रेलर, शेतातल्या धान्याच्या टाक्या, धान्य वर चढवणारे ऑगर म्हणजे मळसूत्री नळ, ही यंत्रे वाहून नेणारी व त्यांच्याबरोबर चालणारी वाहने, आणि खनिज-शोधासाठी जमिनीत भोके पाडणारी रिग यंत्रे व त्यांची वाहने, एवढ्यांची नावे नियमात घालण्यात आली. साध्या मोटारीला किंवा सर्वसाधारण मालट्रकला हा नियम लागू नाही, कारण तेथे धोका असला तरी तो मोठा नाही. यादीतील यंत्र सीमेपूर्वीच माती आणि वनस्पतींचे अवशेष यांपासून पूर्ण स्वच्छ केलेले असले पाहिजे, त्याची तपासणी झालेली असली पाहिजे आणि स्वच्छतेची व तपासणीची लेखी नोंद यंत्राबरोबर असली पाहिजे.

कागदावर एका वाक्यात मावणारी ही अट प्रत्यक्षात किती कष्टाची आहे हे हार्वेस्टर साफ करताना कळते. बाहेरून पाण्याचा झोत मारल्याने यंत्र चकचकीत होते, पण बी आतच राहते, आणि ओला झालेला भुसा आत घट्ट चिकटून बसतो. म्हणून आधी यंत्र रिकामे चालवून मोकळे करावे लागते, मग बाजूचे पत्रे आणि तळाच्या झडपा एकेक उघडून दाबाच्या कोरड्या हवेने वरून खाली फुंकत यावे लागते. पीक आत ओढणाऱ्या तोंडाच्या पट्ट्याखालची जागा, पिकाबरोबर आलेले दगड अडवणारा खळगा, मळणीचा ड्रम आणि त्याखालची अंतर्वक्र जाळी, चाळण्या, धान्याची टाकी, उभे एलिव्हेटर व त्यांचे तळकोपरे, मागचा भुसा तोडणारा भाग, रेडिएटरची जाळी, चाकांच्या आतल्या कडा आणि इंजिनावरचे आडवे कठडे, या प्रत्येक ठिकाणी मूठभर का होईना भुसा साठलेला असतो. दोन मिलिमीटरचे बी त्यात दिसत नाही, म्हणून तपासनीस बी शोधत बसत नाही. भुसा किंवा माती दिसली की यंत्र अस्वच्छ ठरते व मागे पाठवले जाते. दिसत नसलेल्या गोष्टीऐवजी दिसणाऱ्या गोष्टीवर निर्णय बांधणे हा या नियमातील सर्वांत शहाणा भाग मानावा लागेल. नीट साफ करायला एका यंत्राला संपूर्ण दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि तोही ऐन सुगीत, जेव्हा कंत्राटदाराचा प्रत्येक तास पैशांत मोजला जातो आणि पुढच्या शेतातला गहू पावसाच्या भीतीने वाट पाहत असतो. त्यांच्या कुरकुरीत तथ्य होते. पण एका अस्वच्छ यंत्राने रुजवलेले तण काढण्याचा खर्च कंत्राटदारावर पडत नाही. तो ज्याच्या शेतात बी सांडले त्या शेतकऱ्यावर आणि सार्वजनिक तिजोरीवर पुढची अनेक वर्षे पडत राहतो, आणि हे न्यायाचे नाही.

क्वीन्सलँडनेही आपला वाटा उचलला, जरी त्याच्याकडे हे तण आधीच घर करून बसलेले होते. तेथे ठिकठिकाणी वाहने व यंत्रे धुण्यासाठी सार्वजनिक केंद्रे उभारण्यात आली, आणि २००२ च्या भूसंरक्षण कायद्याने पेंढा, बियाणे, माती, गुरे किंवा यंत्रे दुसऱ्याला देताना त्यांत गाजर गवताचे बी असल्याचे ज्ञात असेल तर तसे लेखी सांगण्याचे बंधन घातले. अशा लेखी निवेदनाला तेथे तणस्वच्छता घोषणापत्र म्हणत.

सीमेवरची तपासणी ही मात्र बचावाची केवळ पहिली फळी होती. प्रत्येक यंत्र अडवले जाईल अशी भाबडी समजूत कोणाचीच नव्हती, म्हणून महामार्गांची ठरावीक काळाने पाहणी, सापडलेल्या प्रत्येक झाडाचा फुलण्यापूर्वी नाश आणि त्या जागेकडे पुढची कित्येक वर्षे परत परत जाणे, हा कामाचा दुसरा व अधिक चिकाटीचा भाग ठरला. रस्त्याच्या कडेला ताशी काही किलोमीटरच्या वेगाने चालणाऱ्या गाडीतून गवतात मिसळलेले कोवळे रोप ओळखणे हे डोळ्यांचे कसब आहे. पाऊस पडून गेल्यावर चार आठवड्यांच्या आत फेरी झाली नाही तर झाड बी टाकून मोकळे होते, त्यामुळे पाहणीचे वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने नव्हे तर पावसाच्या हिशेबाने ठरवावे लागते. ज्या खासगी शेतांत तण सापडले तेथे मालकाला लपवाछपवी करण्याचा मोह होऊ नये म्हणून शिक्षेपेक्षा मदतीवर भर देण्यात आला. स्थानिक परिषदांचे तण-अधिकारी स्वतः येऊन फवारणी आणि पाहणी करीत राहिले. शेतकऱ्याने स्वतःहून फोन करावा, अशी परिस्थिती निर्माण करणे ही संगरोधाची अर्धी लढाई असते.

कायद्याची चौकटही हळूहळू घट्ट होत गेली. न्यू साउथ वेल्सच्या १९९३ च्या उपद्रवी तण कायद्याखाली गाजर गवत सर्वांत कडक वर्गात होते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जी वीस तणे निवडली त्यांतही ते होते. पुढे १ जुलै २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याने त्याला प्रतिबंधित वस्तू ठरवले, म्हणजे ते बाळगणे, विकणे किंवा हलवणे गुन्हा झाला आणि ते दिसताच कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य झाले. यंत्रांविषयीच्या जुन्या अटी २०१७ च्या नियमावलीत गाजर गवताचे वाहक या शीर्षकाखाली कायम राहिल्या.

यंत्रांची वाट अशी बऱ्याच अंशी बंद झाल्यावर बियांनी इतर वाटा धरल्या. २०१८ ते २०२० या दुष्काळी वर्षांत न्यू साउथ वेल्समधील गुरे जगवण्यासाठी दूरदूरहून चारा आणावा लागला, आणि चाऱ्याबरोबर नको ती बियाणी येण्याची भीती अधिकाऱ्यांनी तेव्हापासूनच बोलून दाखवली होती. दुष्काळानंतर पाऊस झाला आणि २०२० च्या अखेरीस घरगुती कोंबड्यांच्या खुराड्यांभोवती, ज्या ठिकाणी हार्वेस्टर कधी फिरकण्याचे कारण नव्हते तेथे, गाजर गवत उगवू लागले. माग काढल्यावर ते क्वीन्सलँडमधील धान्यापासून बनलेल्या कोंबडीखाद्यातून आल्याचे निष्पन्न झाले. अनेक दशके महामार्ग आणि गव्हाची शेते यांवर रोखलेली नजर आता परसांकडे वळवावी लागली. खाद्य विकत घेणाऱ्या कुटुंबांना खुराड्याभोवती काय उगवते आहे ते पाहण्याचे आणि संशयास्पद झाड स्वतः न उपटता, त्वचेच्या धोक्यामुळे, अधिकाऱ्यांना कळवण्याचे आवाहन करण्यात आले. सापडलेल्या जागांची झाडे काढून टाकण्यात आली. अशा जागेच्या मातीत बी उरलेले असण्याचा संभव असल्यामुळे, रस्त्याकडेच्या जुन्या जागांप्रमाणेच या परसांकडेही प्रत्येक चांगल्या पावसानंतर, उगवण पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत, तपासनिसांना परत जावे लागते.